शेततळ्यातले मासे पहाटेच का मरतात, आणि दर वर्षी का मरतात

पहाटे सव्वापाचला फोन वाजला की उचलायच्या आधीच मला कळतं. पलीकडून एकच वाक्य येतं, "दादा, मासं वर आल्यात, नुसती तोंडं उघडत्यात." मे महिन्यात पहिला मोठा वळीव झाला की दोन-तीन फोन, श्रावणात सलग चार दिवस आभाळ राहिलं की पाच-सहा, हे ठरलेलं. गंमत नाही, पण गेल्या वर्षी ज्यांनी फोन केला होता त्यांतलेच निम्मे यंदाही असतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

मासे आत्ता वर आलेत?

मग बाकीचं नंतर वाचा. खाद्य बंद करा. मोटर चालू करा आणि तळ्यातलंच पाणी उचलून तळ्यात फोडा. पाइपाचं तोंड पाण्यापासून दोन-तीन फूट उंच बांधा, समोर पत्रा तिरका धरा, पाणी त्यावर आपटून भुगा झालं पाहिजे. नुसती जाड धार सोडून फारसा उपयोग होत नाही. ठिबकची व्हेंचुरी (पाइपातल्या धारेनं खत ओढून घेणारी तोटी) पडून असेल तर डिलिव्हरीला जोडा आणि खताची नळी हवेत उघडी ठेवा, ती पाण्यात हवा ओढते.

सगळ्यात जास्त चूक इथे होते: फूटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटर जिथून पाणी ओढते ते पाइपाचं टोक, तळाशी असतो. तळाचं पाणी म्हणजे ऑक्सिजन संपलेलं, बहुतेक वेळा कुजक्या अंड्याच्या वासाचं. ते वर आणून ओतलं तर उरलेले मासेही जातात. फूटव्हॉल्व्हला रिकामा कॅन बांधा आणि तो वरच्या फूट-दीड फुटात तरंगता ठेवा. बोअरचं पाणी सोडणार असाल तर तेही फोडूनच. बोअरचं पाणी दिसतं काचेसारखं, पण जमिनीखालून आलेलं असल्यामुळे त्यात विरघळलेला ऑक्सिजन नावापुरता असतो.

अख्खं तळं वाचवायच्या नादाला लागू नका. एक कोपरा धरा. मासे आपोआप तिकडे गोळा होतात. जाळं ओढू नका, आत उतरून गाळ ढवळू नका, मेलेले मासे काठावरून काढून घ्या. ते पाण्यात कुजले तर उरलासुरला ऑक्सिजनही खातात. ऊन चांगलं वर येईपर्यंत, म्हणजे साधारण नऊ-दहापर्यंत, मोटर चालू ठेवा.

आणि घाबरून काही ओतू नका. चुना नको, शेण नको, मोरचूद (कॉपर सल्फेट) तर अजिबात नको. पोटॅशियम परमँगनेट टाकलं की "ऑक्सिजन सुटतो" हा समज गावोगाव आहे. मासे वाचतील इतका ऑक्सिजन त्यातून मिळत नाही, उलट शेवाळ मरतं आणि दुसरा हप्ता पुढच्या रात्री बसतो. दुकानात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या गोळ्यांतून, त्या सोडियम परकार्बोनेटच्या असतील तर, किलोमागे जेमतेम 130 ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. एका कोपऱ्यापुरत्या त्या चालतात. भरलेल्या 30 बाय 30 मीटरच्या तळ्यात लिटरमागे 2 मिलीग्रॅम वाढवायचे म्हटले तर 34 किलो लागतील.

खरंच ऑक्सिजनच का? आधी खात्री करा

वेळ बघा. मरतूक पहाटे झाली आणि वाचलेले मासे दहा वाजता खाली जाऊन गप्प झाले, तर शंभरातल्या पंचाण्णव वेळा ऑक्सिजनच. अशा वेळी मोठे मासे आधी जातात, त्यातही कटला. मेलेल्या कटल्याचं तोंड उघडं असतं, कल्ले फाकलेले. गोगलगायी काठाच्या प्लास्टिकच्या कागदावर चढून बसलेल्या दिसतात. आणि तळ्यात कुठून तरी आलेली मरळ मात्र ठणठणीत असते, कारण तिला वर येऊन हवेतून श्वास घेता येतो. बाकी सगळे मेले आणि मरळ जिवंत, यापेक्षा स्वस्त तपासणी मला माहीत नाही.

उलट दिवसभर मरत असतील, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आधी गेली असेल, मासे गोल गोल फिरत असतील, पाण्यातले किडेही उताणे पडले असतील, तर वरच्या रानात कोणी काय फवारलं ते आधी विचारा. रोज दोन-चार जातात आणि अंगावर जखमा आहेत, तर तो रोग. त्याचं औषध या लेखात नाही.

तळ्याचा रात्रीचा हिशेब

"मागेल त्याला शेततळे" योजनेतलं एक मोठं तळं घ्या, 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल. बाजूंना उतार असल्यामुळे त्यात 2,196 घनमीटर, म्हणजे जवळजवळ 22 लाख लिटर पाणी बसतं. एवढ्या पाण्यात ऑक्सिजन किती? संध्याकाळी सहाला लिटरमागे 8 मिलीग्रॅम असेल, जे चांगलं समजतात, तर सगळा मिळून साडेसतरा किलो. बस. एवढ्या मोठ्या तळ्याचा जीव साडेसतरा किलोत आहे. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घनमीटरात पावकिलोहून जास्त ऑक्सिजन असतो, पाण्याच्या घनमीटरात आठ ग्रॅम. त्यात पाणी जितकं तापेल तितका कमी मावतो: 20 अंशाला लिटरमागे 9.1 मिलीग्रॅम, 30 अंशाला 7.6. आणि नेमकं तापलेल्या पाण्यातच माशाला जास्त लागतो.

आता खर्च. तळ्यात 600 किलो मासे आहेत आणि किलोमागे तासाला पाव ग्रॅम लागतो असं धरा. बारा तासांच्या रात्रीत मासे 1.8 किलो खातात. मग बाकीचा जातो कुठे? हिरव्या पाण्याकडे आणि गाळाकडे. दिवसा शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, सूर्य मावळला की तेच शेवाळ आपल्यासारखा श्वास घ्यायला लागतं. सोबत गाळातले जिवाणू असतात, त्यांना दिवस-रात्र सारखीच. गर्द हिरव्या तळ्यात हा खर्च तासाला लिटरमागे 0.45 मिलीग्रॅम धरला तर रात्रीत बारा किलोच्या आसपास होतो. साडेसतरातून पावणेचौदा गेले, पहाटे सहाला उरले जेमतेम चार किलो, लिटरमागे 1.8 मिलीग्रॅम. 3 च्या खाली मासा अस्वस्थ होतो, 1 च्या खाली बहुतेक जाती तग धरत नाहीत.

म्हणजे रुपयातले तेरा पैसे माशांनी खाल्ले. सत्त्याऐंशी पैसे पाण्यानं. हे ज्याला पटलं त्याचं अर्धं काम झालं. बाकीचे "मासे जास्त झाले" म्हणून शंभर-दोनशे मासे काढतात आणि तळं तसंच हिरवं ठेवतात.

आता याच तळ्यावर श्रावणातलं आभाळ आणा. दिवसभर ऊन नाही, संध्याकाळी 8 ऐवजी 5 मिलीग्रॅमच जमा. साठा अकरा किलो, खर्च तोच. कागदावर पहाटे साडेतीन-पावणेचारलाच शिल्लक शून्य. मे महिन्यात तळं निम्म्यावर आलेलं असतं आणि मासे तेवढेच, तो हिशेब तुम्हीच मांडा.

एक गोष्ट यातूनच येते. कुणी मीटर आणतो, दुपारी तीनला पाण्यात घालतो, 12 आकडा येतो आणि निर्धास्त होतो. दुपारचा आकडा म्हणजे पगाराच्या दिवशीचं पासबुक. हिरव्या तळ्यात तो जितका फुगलेला, तितकी रात्र वाईट.

माझी चूक

दुसऱ्या वर्षी माझ्या तळ्याचं पाणी इतकं हिरवं झालं की मनगटापर्यंत हात घातला तर बोटं दिसेनात. कोणीतरी सांगितलं, मोरचूद टाक, शेवाळ साफ. टाकलं. तिसऱ्या दिवशी पाणी हिरव्याचं करडं-तपकिरी झालं, मला वाटलं काम फत्ते. चौथ्या पहाटे बांधावर पोचलो तर पाण्यावर पांढरी पोटं. शेवाळ मेलं होतं, म्हणजे ऑक्सिजन बनवणारं कोणी उरलं नव्हतं, आणि मेलेलं शेवाळ कुजवणारे जिवाणू मात्र जेवायला बसले होते. पाण्याचा रंग एका रात्रीत बदलला तर आनंद मानू नका, त्याच संध्याकाळी मोटरची तयारी ठेवा. औषध न टाकताही शेवाळ कधी कधी असं आपोआप बसतं.

मोरचूद टाकताना मला जो हिशेब माहीत नव्हता तो नंतर एका बाटलीनं शिकवला. मीटर परवडत नव्हता म्हणून तपासणीचा संच घेतला. पद्धत जुनी आहे, हंगेरीच्या लायोश विंकलरनं 1888 मध्ये काढलेली. काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली नेऊन भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. दोन द्रावणांचे थेंब टाकून बूच लावून उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर काकवीसारखा तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर फाटलेल्या दुधासारखा पांढरा. आकडा काढायला पुढे आम्ल आणि थेंब मोजायचा खेळ आहे, पण मला त्या दिवशी आकड्याची गरजच पडली नाही. वरच्या पाण्याच्या बाटलीत फिकट बदामी साका होता. दोरीला दगड बांधून तळातून भरून आणलेल्या बाटलीत पांढराशुभ्र.

वळिवाचा घोळ

एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. वर रोज ऊन, रोज ऑक्सिजन. खाली अंधार, गाळ आणि कुजणं. महिनाभर हे असं साचतं आणि वरून पाहणाऱ्याला तळं छान दिसतं. मग एका संध्याकाळी वावटळ सुटते, टपोरा गार पाऊस पडतो, वरचं पाणी एकदम थंड होऊन खाली बसतं आणि खालचं वर येतं. तळं उलटतं म्हणतात ते हेच. त्या मिसळण्यात वरचा साठाही संपतो. म्हणून ज्या पावसाची वाट पाहत शेतकरी डोळे लावून बसलेला असतो त्याच पावसाच्या रात्री मासे मरतात. तीन मीटरहून खोल आणि प्लास्टिकचा कागद घातलेल्या, चारी बाजूंनी उंच बांध असलेल्या तळ्यांत हे जास्त, कारण एरवी वारा पाण्यापर्यंत पोचतच नाही.

यावर उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. मार्चपासून रोज दुपारी दोन-तीन तास एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) किंवा मोटर चालवून पाणी वर-खाली करत राहायचं. दुपारी, रात्री नव्हे, कारण दुपारी वर ऑक्सिजन जास्तीचा असतो आणि तो खाली पोचवायचा असतो. दोन महिने राहून गेलं असेल तर मात्र मेमध्ये एकदम सुरू करू नका, तुम्ही स्वतःच वळीव आणाल. आधी तळाचं पाणी सायफननं थोडं थोडं काढून टाका.

पण दर वर्षी का?

हा प्रश्न मला कोणी विचारत नाही. सगळे "आज काय करू" विचारतात.

उत्तर गाळात आहे. खाद्यातला, शेणातला, रानातून वाहून आलेल्या खतातला स्फुरद (फॉस्फरस) तळाशी बसतो. ऑक्सिजन असेपर्यंत गाळातलं लोह त्याला धरून ठेवतं. ऑक्सिजन संपला की ती पकड सुटते आणि स्फुरद पुन्हा पाण्यात येतो. तोच पुढच्या शेवाळाचं खत. शेवाळ वाढतं, मरतं, खाली बसतं, कुजताना ऑक्सिजन खातं, आणखी स्फुरद सुटतो. म्हणजे एकदा तळ बिनऑक्सिजनचा झाला की तळं स्वतःलाच खत घालायला लागतं. मासे मेले, तुम्ही विकत आणून पुन्हा बोटुकली सोडली, गाळ तसाच ठेवला, तर पुढच्या वर्षीच्या फोनची तारीख फक्त ठरायची बाकी असते. गावतळ्यांत सांडपाणी बंद केल्यावरही पाणी काही वर्षं हिरवंच राहतं, त्याचं एक कारण हेच.

नद्यांचंही तेच, फक्त आकडे मोठे. सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल ते बीओडीनं मोजतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे दोन-तीनशे मिलीग्रॅम असतो. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशचा 40 ते 50 हजार. दहा हजार लिटरचा एक टँकर धरा: त्याला साडेचारशे किलो ऑक्सिजन हवा. आपल्या भरलेल्या तळ्याचा संध्याकाळचा साठा साडेसतरा किलो होता. एका टँकरला तशी पंचवीस तळी पुरतात. उन्हाळ्यात पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात तेव्हा मी आधी पात्रात पाणी किती होतं ते बघतो. वाहतं पाणी नसेल तर थोडंही पुरतं. जलपर्णीनं पात्र झाकलं असेल तर हवेतून येणारा ऑक्सिजनही अडतो आणि खालच्या शेवाळाला ऊनही मिळत नाही.

समुद्रसुद्धा सुटलेला नाही. अरबी समुद्रात साधारण दीडशे ते हजार मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसलेला पट्टा आहे, तो मुळातला नैसर्गिक. पावसाळ्यात तिथलं पाणी पश्चिम किनाऱ्याकडे वर सरकतं, आणि पावसाचं, नद्यांचं गोडं पाणी त्यावर झाकणासारखं बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्याजवळचा तळ सगळ्यात जास्त गुदमरतो. गोव्याच्या दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे वर्षानुवर्षं मोजलंय. त्यात तिथे नायट्रस ऑक्साइडही तयार होतो, जो उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट आहे. शेतातून वाहून गेलेलं युरियाचं पाणी समुद्रात पोचलं की हे वाढतं. वर गोड्या पाण्याचं झाकण, खाली कुजणं: माझ्या तळ्यातला मे महिना तिकडे ऑक्टोबरात येतो.

मग करायचं काय

बोटुकली मोजून सोडा. 30 बाय 30 च्या तळ्याला, एरेटर नसेल तर, सातशे ते नऊशे. मी पाच-पाच हजार सोडलेली तळी पाहिली आहेत.

हाताची चाचणी आठवड्यातून दोनदा करा. ऊन असताना हात सरळ खाली बुडवा. कोपर बुडता बुडता पंजा दिसेनासा झाला तर पाणी ठीक. मनगटापाशीच दिसेनासा झाला तर शेण बंद, खाद्य निम्मं, पाणी बदला. खाद्य संध्याकाळी उशिरा देऊ नका. आभाळ असेल त्या दिवशी देऊच नका, एक दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

पाणी बदलताना वरचं काढू नका, तळाचं काढा. सायफनचा पाइप गाळाजवळ ठेवून ते पाणी उसाला किंवा घासाला पाटानं द्या. ठिबकमधून सोडलंत तर फिल्टर धुण्यात दिवस जाईल. जे स्फुरद आणि नत्र तळ्यात विष होतं ते तिथे खत आहे. मासे काढल्यावर तळं कोरडं करा, गाळ खरवडून रानात टाका. फावडं लावू नका, कागद फाटतो. लाकडी फळी वापरा.

आणि रात्रीचा अंदाज. मीटर किंवा संच असेल तर संध्याकाळी सातला एकदा मोजा, दहाला एकदा. समजा सातला 8.4, दहाला 6.6. तीन तासांत 1.8 उतरला, तासाला 0.6. हीच सरळ रेष पुढे ओढा. पहाटे सहापर्यंत आठ तास, आणखी 4.8 जाणार, उरणार 1.8. म्हणजे आज मोटर लागणार, आणि दोन वाजता, 4.2 असतानाच लावायची. मासे वर आल्यावर नव्हे.

आता खरी अडचण. रात्री दोन वाजता मोटरीला लागणारी थ्री फेज वीज असते का? शेतीच्या विजेची पाळी दिवसाची असेल तर नसते, आणि रात्रीची असली तरी वळिवाच्या वाऱ्यात तार तुटलेली असते. त्यामुळे ऑटो स्टार्टरवर विसंबून झोपू नका. मी एक जुनं डिझेल इंजिन बांधावर ठेवलंय. वैशाखापासून भाद्रपदापर्यंत दर शनिवारी ते पाच मिनिटं चालवतो, कारण ज्या रात्री लागतं त्याच रात्री ते हँडल मारून सुरू होत नाही. आणि शेजारच्या तळेवाल्याशी ठरवलंय: आभाळ असलं की दोनचा गजर आळीपाळीनं. आज त्याची पाळी आहे.